भुलाबाईपुढे हसू आलं नाही

आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीमागे एक बाथरूम आहे. तिची कडी नीट लागत नाही, म्हणून आत जाणारीनं नळ सोडून ठेवायचा, म्हणजे बाहेरच्यांना कळतं की आत कुणीतरी आहे, असा आमचा रिवाज. दोन वर्षं मी त्या नळाच्या आवाजात रडले. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा तरी. मधली सुट्टी संपत आली की मी आत जायची, रडायची, तोंड धुवायची, पर्समधल्या डबीतली पावडर लावायची, टिकली सारखी करायची आणि बाहेर आल्यावर जी पहिली भेटेल तिची काहीतरी चेष्टा करायची. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या त्या मुलींच्या शाळेत मला नावानं कुणी ओळखत नाही, सगळ्या 'हँसमुख मैडम' म्हणतात. नव्या आलेल्या एका शिक्षिकेशी ओळख करून देताना आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "इनको कभी उदास देखो तो मुझे बताना, इनाम दूँगी." त्या वेळी सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले होते.

मला काय दुखत होतं ते मला सांगता आलं नसतं. घर होतं, नोकरी होती, मुलगी नागपूरला शिकून नोकरीला लागली होती, नवरा बैहरला जंगल खात्याच्या ऑफिसात होता आणि शनिवारी-रविवारी घरी यायचा. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं मी सगळं केलं आणि तेही हसत हसत केलं, असं त्यांच्या तेराव्याला येऊन प्रत्येक बाई सांगून गेली. त्या गेल्यावर मला मोकळं वाटायला हवं होतं. त्याऐवजी झोप गेली. फळ्यावर लिहिता लिहिता साधा शब्द आठवेना. संध्याकाळी घरी आल्यावर गाल दुखायचे, अगदी खरोखरचे दुखायचे, दिवसभर हसून. मुलीचा रोज व्हिडिओ कॉल यायचा, त्याआधी मी साडी बदलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, कारण तिथल्या उजेडात डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसत नाहीत. डॉक्टरकडे गेले तेव्हा त्यांनाच दोन विनोद ऐकवून आले. त्यांनी बी.पी.ची गोळी दिली आणि म्हणाले, तुमच्यासारखे पेशंट असले की आमचा दिवस चांगला जातो.

ही सवय मला कुठून लागली याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझे वडील सिंचाई विभागात बाबू होते. वऱ्हाडातून बदली होत होत बालाघाटला आले आणि इथलेच झाले. सरकारी क्वार्टरांच्या रांगेत आमच्यासारखी मराठी घरं चार-पाच, बाकी सगळी हिंदी बोलणारी. शेजारी माणसं फार चांगली होती, त्यांच्याबद्दल माझी कधीच काही तक्रार नाही. पण बाबांच्या मनात कायमची एक भीती होती. आपण इथं बाहेरचे, आपलं कुणाला ओझं होऊ नये. "कोनाच्याबी दारात तोंड पाडून जायचं नाही," असं ते आम्हाला सांगायचे, "आपण हासून राह्यलो तं लोकं आपल्याले आपलं म्हनतीन." भावाशी भांडून मी रडत असले आणि दारावर कुणी आलं, तर आई आधी पदरानं माझं तोंड पुसायची आणि मग दार उघडायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "आपकी बिटिया कितनी प्यारी है, हमेशा हँसती रहती है." मग बाबांचा चेहरा असा उजळायचा की मला दुसरं बक्षीसच नको वाटायचं. त्यांना मी दोष देत नाही. त्या क्वार्टरांतले दिवस मला आजही इतके गोड आठवतात की डोळ्यांत पाणी येतं. सगळ्यांच्या अंगणात रांगेची एकच लांब सावली पडायची, उन्हाळ्यात सगळ्यांच्या खाटा एका ओळीत टाकल्या जायच्या, आणि कुणाच्याही घरी काहीही शिजलं तरी त्यातली एक वाटी आमच्याकडे यायची. बाबांनी त्या जगात आमची जागा करून दिली. फक्त मी ती शिकवण जरा जास्तच मनावर घेतली.

देवाच्या बाबतीतही माझं तेच. आमच्या मोहल्ल्यातल्या देवीच्या मंदिरात दर शुक्रवारी बायकांचं भजन असतं आणि ते मी चालवते. पेटी वाजवते, नव्या बायकांना चाली शिकवते, कुणाचा सूर चुकला की हसवून सांभाळून घेते. देवीपुढे बसून मी कधी काही मागितलं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. निष्काम भक्ती म्हणतात ती हीच, असं मी स्वतःला समजावलं होतं. खरी गोष्ट अशी की मागायचं म्हणजे आपल्याकडे काहीतरी कमी आहे हे कबूल करायचं, आणि ते मला तिच्यापुढेही जमत नव्हतं. शेजारच्या काकूंपुढे जसं तोंड पुसून उभी राहायची, तशीच मी देवीपुढे उभी राहायची. दोन वर्षांत हळूहळू मला वाटायला लागलं की समोर कुणी नाहीच, एक रंगवलेली मूर्ती आहे आणि तिच्यासमोर मी एक कार्यक्रम करते आहे. तरी शुक्रवार मी एकही चुकवला नाही.

त्या वर्षी आश्विन लागला तेव्हा एक दिवस शाळेतून येताना मी वैनगंगेच्या पुलावर स्कूटी थांबवली. का थांबवली, माहीत नाही. नदी भरून चालली होती. किती वेळ उभी होते तेही मला सांगता येणार नाही. मनात जे येत होतं ते फार शांत होतं, आणि त्या शांततेचीच आता मला भीती वाटते. एक दूधवाला मोटरसायकल हळू करून म्हणाला, "मैडम, पेट्रोल खतम हो गया क्या?" मी लगेच हसून म्हटलं, "नहीं भैया, नदी देख रही थी." तो गेला. त्या हसण्यानं मी हादरले. अशा घडीलाही ते आपोआप तोंडावर आलं, मी आणलंसुद्धा नव्हतं. मी घरी आले, स्वयंपाक केला, मुलीशी खिडकीजवळ बसून बोलले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तासाभरावरच्या लामत्याला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. आमच्या शाळेतल्या आम्ही पाच जणी भाड्याच्या जीपनं गेलो. दिवसभर मी नेहमीसारखी सगळ्यांना हसवत होते. दुपारी चारला प्रशिक्षण सुटलं, सगळ्या जीपमध्ये बसल्या, माझी जागा ठेवली आणि हाका मारू लागल्या. मी जीपच्या दाराशी गेले आणि मला कळलं की अजून एक तास हसणं आता माझ्याच्यानं होणार नाही. शरीरच नाही म्हणत होतं. मी म्हटलं, "तुम लोग चलो, यहाँ हमारे पहचान के हैं, उनसे मिलकर बस से आऊँगी." लामत्याला माझ्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. जीप गेली. मग कळलं की बस नुकतीच निघून गेली आहे आणि पुढच्या बसला चांगला दीड-दोन तासांचा अवकाश आहे.

रस्त्याकडेला एका बंद दुकानाचा ओटा होता, तिथं मी बसले. आणि तिथं छातीवर कुणी दगड ठेवावा तसं झालं. श्वास आत जाईना. हातापायांना मुंग्या, घाम, कानात आवाज. आपण आता इथंच मरणार असं वाटलं. आणि खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो असा की, निदान नीट बसावं, पदर सारखा असावा. तेवढ्यात समोर कुणीतरी उभं राहिलं. पासष्टीची एक बाई, डोक्यावर धानाच्या हिरव्या-पिवळ्या लोंब्यांची पेंडी, हातात उसाची पाच कांडं. तिनं हिंदीत विचारलं, "क्या हुआ बहनजी?" मी म्हटलं, "कुछ नहीं, बस का इंतज़ार है," आणि हसलेसुद्धा. मग छातीत पुन्हा कळ आली आणि माझ्या तोंडून 'आई गं' निघालं.

ती बाई दोन पावलं पुढे गेली होती, ती परत आली. "मराठी होय काय वं तू?" असं म्हणून तिनं पेंडी खाली ठेवली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हात तं बर्फ झाले तुहे. चाल घरी. पानी पे, मंग जाशीन." मी नको नको म्हणत होते. तिनं ते ऐकलंच नाही. उसाची कांडं माझ्या हातात दिली, जसं काही मी त्यासाठीच तिथं आले होते, आणि मी ती घेऊन तिच्यामागे चालू लागले. तिचं नाव सुभद्राबाई. घर दोन वळणांवरच होतं. कवेलूचं म्हणजे कौलांचं छप्पर, शेणानं सारवलेलं अंगण, आणि अंगणात पाच-सहा शाळकरी मुली तिची वाट बघत बसलेल्या.

आत पडवीच्या कोपऱ्यात पाटावर भुलाबाई बसली होती. मी दारातच थांबले. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा, मांडीवर बाळ, अंगावर तोच ढोबळ गुलाबी आणि पिवळा रंग. त्या दिवशी कोजागिरी आहे हे माझ्या लक्षातही नव्हतं. आमच्या क्वार्टरात आई दर वर्षी भुलाबाई मांडायची. पार्वती महिनाभर माहेरी येते, ती भुलाबाई. महिनाभर मुलींनी संध्याकाळी तिच्यापुढे टिपऱ्यांवर गाणी म्हणायची, आणि कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मांडव करून तिचा निरोप घ्यायचा, असं आईच्या माहेरी वऱ्हाडात होतं. बालाघाट हा धानाचा मुलूख, इथं ज्वारीचं धांड कुठून मिळायचं? पहिल्या वर्षी आईनं ऊस आणि धानाच्या लोंब्या बांधून मांडव केला आणि भुलाबाईची माफी मागितली. दुसऱ्या वर्षी माफी मागितली नाही. पुढे आम्हा मुलींना वाटायचं की भुलाबाईला धानच लागतं, आणि वऱ्हाडातल्या मावशीकडे ज्वारीचा मांडव पाहून मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तुमचं चुकलं आहे. सुभद्राबाईच्या हातात तोच ऊस आणि तेच धान होतं. तिच्या आईनंही कधीतरी अशीच माफी मागितली असेल.

तिनं मला पाट दिला, गडूभर पाणी दिलं, आणि माझ्याकडे न बघता मांडव बांधत बसली. मुलींनी गाणी सुरू केली. त्यांच्या घरात आता हिंदीच बोलतात, मराठी शब्द वहीत लिहून घेतलेले, आणि एकीला ट्यूशनला जायचं होतं म्हणून ती मधूनच सगळ्यांना घाई करत होती. मला आमच्या अंगणातल्या शेजारच्या मुली आठवल्या. त्याही अशाच, अर्थ न कळता, आमच्याहून मोठ्या आवाजात म्हणायच्या. गाणी सगळी तीच. सासरी काय काय सोसलं, सासू कशी बोलली, नणंदेनं काय लपवलं, माहेरचं माणूस न्यायला येऊनही कुणी जाऊ दिलं नाही. लहानपणी आम्ही ती खिदळत म्हणायचो. त्या दिवशी पन्नाशीला टेकलेली मी तो पाण्याचा गडू धरून ऐकत होते, आणि पहिल्यांदाच मला कळलं की ही सगळी गाणी तक्रारींची आहेत. ज्या देवीला आम्ही ओवाळतो, तिच्यापुढे बायका पिढ्यान्‌पिढ्या बसून फक्त आपली गाऱ्हाणी गात आल्या आहेत, आणि ती ऐकते आहे.

गाणी संपली की खिरापत. ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रसाद झाकणाच्या डब्यात लपवून आणतात आणि मुलींनी तो ओळखायचा. डबा कानाजवळ खुळखुळवून दाखवतात. ओळखता आला नाही तर हरलो म्हणायचं, मगच डबा उघडतो. सुभद्राबाई डबा घेऊन सरळ माझ्याजवळ आली. "आज पाहुनी ओयखीन," म्हणाली, आणि तो माझ्या कानापाशी हलवला. आत काहीतरी जड जड आपटत होतं. मी लगेच माझ्या नेहमीच्या रंगात आले. लाडू? नाही. करंज्या? नाही. मग म्हटलं, सोन्याच्या गिन्न्या असतील, मुली हसल्या. खोबरं, बत्तासे, बटाटे, दगड, जे येईल ते बोलत होते आणि प्रत्येक वेळी सगळ्यांना हसवत होते. लहानपणीही मी अशीच होते. कितीही चुकले तरी हरले म्हणायची नाही. शेवटी आईच कंटाळून डबा उघडायची.

सुभद्राबाई कंटाळली नाही. मुली म्हणू लागल्या, "हार मान लो ना, आंटी." मी अजून काहीतरी म्हणणार, तेवढ्यात ती डबा तसाच धरून खाली माझ्यासमोर बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "हरली म्हन ना माय. इथी कोन पाहून राह्यलं तुले? थे भुलाबाई बी महिनाभर माहेरी आली हाये. माहेरी येऊन कोनी मजेत हावो म्हनते काय?"

मी भुलाबाईकडे पाहिलं. तिला काही सुंदर डोळे नव्हते. कुंभारानं घाईत दोन काळे ठिपके दिले होते, त्यातला एक जरा खाली उतरला होता. तिच्यापुढे हसावं म्हणून मी ओठ हलवले आणि हसू आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आलं नाही. मी 'हरले' म्हटलं आणि रडायला लागले. नळाच्या आवाजात रडतात तसं नाही, लहान मूल रडतं तसं, शेंबूड, हुंदके, तोंड वेडंवाकडं करून. मुली घाबरून गप्प झाल्या. सुभद्राबाई त्यांना म्हणाली, "तुमी म्हना गं अजून एक गानं, थे रडून राह्यली तं रडू द्या," आणि डबा माझ्या मांडीवर ठेवून उघडला. आत उकडलेले शिंगाडे होते. तलावातून नुकतेच निघालेले, अजून कोमट. तिनं एक सोलला आणि माझ्या हातावर ठेवला.

मुली गेल्यावर तिनं तिच्या धाकट्या बहिणीबद्दल सांगितलं. "थेबी अशीच होती. गावभर हासत फिरे. ज्या दिवशी गेली त्या दिवशी सकायी हासूनच पानी भरलं तिनं. आमाले कोनालेच नाही समजलं." मग तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुह्या मनात येते काय तसं?" तसं म्हणजे कसं, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. डॉक्टरनं विचारलं नव्हतं, घरच्यांनी विचारलं नव्हतं, विचारतील अशी मी सोयच ठेवली नव्हती. मी म्हटलं, "हौ." एवढा एक शब्द बोलायला मला जेवढी ताकद लागली तेवढी सासूबाईंना उचलायलाही कधी लागली नाही. ती किंचाळली नाही, उपदेश केला नाही. माझी पर्स माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "मालकाले फोन लाव. इथीच बसून सांग. मी उठत नाही इथून."

मी फोन लावला. पलीकडून नेहमीचा प्रश्न आला, "हं, बोल. मजेत?" आमचं रोजचं बोलणं इथून सुरू व्हायचं आणि बहुतेक इथंच संपायचं. मी म्हटलं, "नाही. मी बरी नाही. लय दिवसांपासून बरी नाही." त्यांनी विचारलं, "कुठी हायेस?" मी सांगितलं. "थांब तिथीच. मी येतो." बैहरहून घाटाचा रस्ता, मोटरसायकलवर. दीड-दोन तासांनी, दिवस मावळून चांदणं पडल्यावर ते अंगणात उभे होते, केसांत धूळ, आणि हेल्मेट काढायचंही भान नाही. सुभद्राबाईनं त्यांनाही आधी शिंगाडे खायला लावले. मग भुलाबाईच्या पायांवरचं कुंकू माझ्या कपाळाला लावलं आणि आम्हाला वाटेला लावलं.

बालाघाटच्या रस्त्यावर ते मागे न वळता बोलले. वाऱ्यामुळे मला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. म्हणाले, "अकरा वर्षं झाले मी बैहरले हावो. बदलीचा अर्ज मी केलाच नाही कधी. तू एवढी मजेत दिसे, मले वाटे का मी आलो काय न नाही आलो काय, तुले काही फरकच नाही पडत." मी त्यांच्या पाठीला डोकं टेकलं. अकरा वर्षं मी एकटी होते आणि माणूस न्यायला दारात उभा होता. त्याला मी हसून परत पाठवत होते.

यात चमत्कार काय, असं कुणी विचारेल. सुभद्राबाई नंतर भेटली तेव्हा म्हणाली, ती त्या रस्त्यानं कधी येत नाही. नेहमीचा शेजारच्या बांधावरचा ऊस कुणीतरी कापून नेला होता, म्हणून ऊस आणायला त्या दिवशी लांबून वळसा पडला. ज्यांना हा योगायोग वाटतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही. एवढंच सांगते की दोन वर्षं मी ज्या देवीपुढे कार्यक्रम करत होते, ती त्या दिवशी डोक्यावर पेंडी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, असं मी मनापासून मानते, आणि तिचे उपकार माझ्यावर आहेत. बाकीचं काम माणसांनी केलं. मुलगी मला नागपूरच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांना मी एकही विनोद सांगितला नाही. औषधं चालू झाली, महिन्यातून दोनदा बोलायला जाऊ लागले. लगेच काही झालं नाही. पाच-सहा महिने लागले, आणि अजूनही एखादा दिवस जड जातो. शाळेत मी मोठ्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या कितीतरी वेळ माझा हात धरून बसल्या, आणि मग त्यांनी त्यांचं सांगितलं.

शरण जाणं म्हणजे फार मोठं काहीतरी असतं, संतांना जमतं, आपल्याला नाही, असं मला वाटायचं. मला जे जमलं ते फार लहान होतं. शुक्रवारी भजनाला गेले की पेटी उघडायच्या आधी मी देवीसमोर थोडा वेळ गप्प बसते आणि तिला सांगते, आज काय दुखतं. कधी सांगण्यासारखं काही नसतं, मग तेही सांगते. एखाद्या शुक्रवारी जावंसं वाटलं नाही तर जात नाही. बायका विचारतात, काहून नाही आल्या? मी म्हणते, मन नव्हतं.

यांची बदली बालाघाटला झाली, अर्ज केल्यावर एक वर्षानं. आता रोज संध्याकाळी घरी असतात. घरात इतकं माणूस असायची मला सवय नव्हती, त्यांनाही नव्हती. मागच्या आठवड्यात त्यांनी न विचारता माझ्या भावाला काहीतरी कबूल करून टाकलं आणि मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन ते माझ्यामागे स्वयंपाकघरात आले आणि अगदी बावरून विचारू लागले, "रुसली काय तू?" लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. मला रुसताही येतं हे त्या माणसाला आत्ता कळत होतं. मी मनातल्या मनात भुलाबाईला हात जोडले आणि म्हटलं, "हौ, रुसली."